बेटे उजव्या हाताला

आमच्या घरात प्रवासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न खर्चाचा नसतो, राहण्याच्या जागेचाही नसतो. पहिला प्रश्न असतो, वाटेत संडासाची सोय कुठे आहे? हसू नका. ज्यांच्या घरी साखरेच्या गोळ्या घेणारे, गुडघे धरून उठणारे वडीलधारे माणूस आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या अव्वांना, शहात्तरावे चालू आहे. लग्न होऊन त्या धारवाडला आल्या. माहेर कारवारजवळचे, अगदी समुद्राला लागून. गेली अकरा वर्षे धारवाड आणि बेळगाव यापलीकडे त्यांनी पाऊल टाकलेले नव्हते. भाच्यांची लग्ने झाली, सख्ख्या भावाचे दिवस झाले, त्या गेल्या नाहीत. विचारले की "साकु, आता काय बघायचं राहिलंय" म्हणून विषय मिटवायच्या. खरे कारण एकदाच माझ्या कानात सांगितले. घरून निघताना पाणी प्यायचे नाही, चार तास कळ काढायची आणि मग ढाब्यामागच्या त्या जागेत जायचे, हे आता होत नाही.

म्हणून यंदा फेब्रुवारीत आम्ही कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली. नावावरून फार मोठे काही वाटते, पण मूळ गाडी आपल्या वऱ्हाडाला लागते तीच, टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या खुर्च्या काढून चार जणांच्या निजण्याची सोय, एक टीचभर ओटा, छोटा फ्रीज आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढे न्हाणीघर. त्यात कमोड. भाडे म्हणाल तर दिवसाला बऱ्यापैकी हॉटेलच्या दोन खोल्या येतील त्याहून जास्तच. आमच्या यजमानांनी हिशेब मांडायला घेतला तेव्हा मी म्हटले, अकरा वर्षांत अव्वांच्या प्रवासावर आपला एक रुपया खर्च झालेला नाही, तो यात धरा.

गाडीबरोबर ड्रायव्हर आला तो हासनकडचा. दार उघडून तो अदबीने म्हणाला, "बन्नि अम्मा, कूत्कोळ्ळि." अव्वांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, "बर्री, कूडरी अन्नू मारायनं." पुढचे चार दिवस या दोघांची हीच शाळा चालली. दोन्हीकडचे कन्नड येणाऱ्या वाचकांना यातली गंमत कळेल. आमची मुले घरात मराठी, शाळेत इंग्रजी, अज्जीशी धारवाडी; तीसुद्धा ड्रायव्हर मामांचे मैसूरकडचे कन्नड ऐकून आपसांत खिदळत होती. आणि अव्वांची स्वतःची पहिली भाषा या तिन्हींपैकी एकही नाही. ती कोंकणी. ती आम्ही घरात फक्त फोनवर ऐकतो, बहिणीचा फोन आला म्हणजे.

बेळगाव, धारवाड, कलघटगी, यल्लापूर आणि मग अरबैल घाट उतरून अंकोला. दोनशे किलोमीटरच्या वर होते. घाटात गाडी सावकाश घ्यावी लागते, कारण वळणावर ती मागून झुलते आणि कपाटाची दारे नीट अडकवली नसतील तर स्टीलची भांडी अंगावर येतात. यल्लापूरच्या पुढे थांबून आम्ही चहा केला. अव्वांनी एक कप संपवला आणि आपणहून दुसरा मागितला. यजमानांनी माझ्याकडे बघितले, मी त्यांच्याकडे. त्यानंतर भाड्याचा विषय कोणी काढला नाही.

कॅरॅव्हॅनबद्दल पत्रांतून विचारणा होते म्हणून दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. एक, रात्री एसी चालवायची तर बाहेरून विजेची जोडणी लागते; नुसत्या बॅटरीवर दिवे, पंखा आणि फ्रीज एवढेच निभते. आपल्या किनाऱ्यावर अशा गाड्यांसाठी बांधलेले तळ शोधून सापडत नाहीत, म्हणून एखाद्या लॉजवाल्याला पैसे देऊन त्याच्या आवारात गाडी लावायची आणि वायर ओढून घ्यायची. दुसरी गोष्ट कमोडची. त्याच्या खाली एक डबा असतो, तो दीड-दोन दिवसांनी बाहेर काढून शौचालयात रिता करावा लागतो. ड्रायव्हर ते काम करायला तयार होता. यजमान म्हणाले, "तू फक्त दाखव, करतो मी." हे मी मुद्दाम लिहिते आहे. सोय आपल्या घरच्यांची आणि सफाई दुसऱ्याची, हा हिशेब आपण फार वर्षे चालवला.

अंकोल्याहून खरे तर दक्षिणेला वळायचे होते. पण आधी उलटे, कारवारकडे गेलो, कारण अव्वांनी तेवढेच एक मागितले होते. पूर्वी ज्याला आपण सतरा नंबर म्हणायचो तो हा रस्ता. आता त्याचा नंबर सहासष्ट आहे. कारवार जवळ येऊ लागले की सह्याद्री समुद्राच्या अंगावर येतो. पुण्या-कोल्हापूरकडे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये कोकणपट्टी आहे. इथे तेवढी उसंत नाही. डोंगराच्या सोंडा थेट पाण्यात शिरतात, बुडतात आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा डोके वर काढतात. तीच ही बेटे. कुर्मगड, मदलिंगगड, देवगड, आंजदीव. म्हणजे बेट हे समुद्राचे नसून डोंगराचेच पोर आहे. नकाशात हे कळत नाही, खिडकीतून लगेच कळते.

अव्वांचे माहेर ज्या पट्ट्यात होते तिथे आता नौदलाचा तळ आहे. सीबर्ड प्रकल्पाची कोनशिला १९८६ साली राजीव गांधींच्या हस्ते बसली, पुढे या भागातली हजारो कुटुंबे उठून पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, आणि २००५ साली आयएनएस कदंब हा तळ सुरू झाला. अव्वांचे घर, पाठीमागची माडाची रांग, विहीर, सगळे त्या भिंतीच्या आत गेले. भिंत लांबच लांब आहे, वर काटेरी तार आणि ठिकठिकाणी छायाचित्र काढू नये अशा पाट्या. ड्रायव्हरने मुलांना मोबाइल खाली ठेवायला सांगितले. अव्वा खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. एका वळणावर झाडांच्या फटीतून पाणी दिसले, आणि पलीकडे एक लांबट, हिरवा, खडकांची किनार असलेला उंचवटा.

"तें पळय. आंजदीव." हे त्या कोणालाच उद्देशून बोलल्या नाहीत.

धाकट्याने विचारले, "अज्जी, तू तिथे गेली होतीस?"

तिथल्या ब्रोतास मातेच्या चर्चला फेस्ताच्या दिवशी माणसे नावेने जायची, एवढे त्यांना आठवत होते. स्वतः त्या गेल्या नव्हत्या; बेट तेव्हा पोर्तुगीजांचे होते. पण त्यांनी त्या बेटाचा आवाज ऐकला होता. १९६१ सालच्या नोव्हेंबरात आंजदीववरून 'साबरमती' या आपल्या प्रवासी जहाजावर गोळीबार झाला आणि मच्छीमारांच्या नावांवरही गोळ्या सुटल्या. त्यात एक मच्छीमार गेला. आणि डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या कारवाईत, 'त्रिशूल' या युद्धनौकेवरून आपले नौसैनिक बेटावर उतरले. सात जण तिथे कामी आले. अव्वा तेव्हा बारा वर्षांच्या. "सकाळी सकाळी धडाम् धडाम्. आई म्हणाली, भांडी आत घ्या. आता तोफांचा आणि भांड्यांचा काय संबंध? पण आम्ही घेतली बाई."

हे मला माझ्या संसाराच्या एकवीस वर्षांत त्यांनी कधी सांगितले नव्हते. कोणी विचारले नव्हते, हेच खरे.

आंजदीवचा इतिहास मुळात इतका घडामोडींचा आहे की त्यावर वेगळे सदर व्हावे. १४९८ मध्ये वास्को द गामा परतताना इथे थांबला. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली हे आपण शाळेत शिकलो; पण ती ताब्यात घ्यायला आलेल्या इंग्रज फौजेला मुंबईत उतरू दिले गेले नाही आणि ती या आंजदीववर पडून राहिली, हे कोणी शिकवले नाही. रोगराईने बहुतेक सैनिक इथेच मेले, त्यांचा प्रमुख सर अब्राहम शिपमन १६६४ साली इथेच गेला. उरलेल्या मूठभरांना घेऊन हंफ्री कुक याने १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा ताबा घेतला. पुढे १६८२ साली संभाजी महाराजांनी हे बेट घेऊन तटबंदी करण्याचा बेत केला, तो कळताच पोर्तुगीजांनी घाईने शिबंदी पाठवून आपला किल्ला उभारला. आणि आज गंमत अशी की बेट आहे कारवारच्या समोर, पण कागदोपत्री गोव्याचे. तळाच्या लाटारोधक बांधाने ते जमिनीला जोडलेही गेले आहे. म्हणजे ते आता धड बेटही राहिलेले नाही.

भिंत संपेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. अव्वांना मी हळूच विचारले, वाईट वाटते का? त्या म्हणाल्या, "पैसे मिळाले, भाचा नोकरीला लागला. एवढी मोठी जहाजं आलीत, ती काय रस्त्यावर ठेवायची?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "विहिरीचं पाणी मात्र गोड होतं. समुद्र एवढा जवळ, तरी गोड."

कारवारात रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाचा किनारा आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते आणि तरुणपणी रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले होते; त्यांचे 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक इथेच लिहिले गेले. संध्याकाळी तिथल्या वाळूत खुर्ची टाकून आम्ही अव्वांना बसवले. अंधार पडला तसा देवगड बेटावरचा दिवा फिरू लागला. इंग्रज त्याला ऑयस्टर रॉक म्हणत. १८६४ सालचा दीपस्तंभ. अव्वा मनातल्या मनात आकडे मोजत होत्या. लहानपणी भावंडांत पैज लागायची, म्हणे, पुढचा झोत कधी येणार याची.

दुसऱ्या दिवशी मुलांनी हट्ट धरला की कुर्मगडला जायचे. कासवासारखे दिसणारे बेट, त्यावर नरसिंहाचे देऊळ. पौष पौर्णिमेच्या सुमाराला तिथे जत्रा भरते. आम्ही नावेची चौकशी केली. एक नाववाला तयार झाला. बारा माणसे होती आणि जॅकेटे सात. बाकीच्यांचे काय, विचारले तर म्हणाला, "काही होत नाही अक्का, समुद्र शांत आहे."

समुद्र शांत होता हे खरेच होते. पण २१ जानेवारी २०१९ ला याच कुर्मगडच्या जत्रेहून परतणारी नाव उलटली आणि सोळा जण बुडाले. त्यांत हावेरीकडची कुटुंबे होती. लहान मुलेही होती. आपल्यासारखीच, वर्षातून एकदा समुद्र बघायला घाट उतरणारी माणसे. ज्यांच्या गावात नदीसुद्धा मे महिन्यात कोरडी पडते त्यांना पाण्याचा अंदाज येणार कुठून? किनाऱ्यावरच्या माणसाला 'शांत' या शब्दाचा अर्थ वेगळा कळतो आणि आपल्याला वेगळा.

यजमानांचे म्हणणे, मुलांना जॅकेटे घालू आणि आपण तसेच जाऊ. मी नाही म्हटले. मुले रडकुंडीला आली, थोरलीने माझ्याशी अबोला धरला. नाववाल्यानेही "बेळगावकर घाबरट" असे काहीतरी पुटपुटल्यासारखे वाटले. तेव्हा अव्वा गाडीच्या पायरीवरून म्हणाल्या, "माझे आजोबा रोज समुद्रात जायचे. पण सणाच्या दिवशी आम्हा पोरांना नावेत चढू द्यायचे नाहीत. म्हणायचे, गर्दीच्या नावेला देव नसतो." मुलांचे त्याने काही समाधान झाले नाही. आम्ही गेलो नाही, एवढेच.

मग दक्षिणेकडे निघालो आणि समुद्र उजव्या हाताला आला. अंकोल्यानंतर शिरूरपाशी ड्रायव्हर एकदम गप्प झाला. १६ जुलै २०२४ ला इथे पावसात डोंगर खाली आला, रस्त्याकडेचे चहाचे दुकान, ते चालवणारे कुटुंब, थांबलेली वाहने, सगळे गंगावळी नदीत गेले. केरळच्या एका चालकाचा ट्रक सप्टेंबरच्या शेवटी नदीतून निघाला. "आम्ही गाडीवाले तिथेच चहा प्यायचो, अम्मा," एवढेच तो बोलला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारवारचा काळी नदीवरचा जुना पूलही रात्रीत कोसळला होता. हा रस्ता सुंदर आहे खराच. तो चौपदरी करताना डोंगराचे पाय किती उभे कापले आहेत, तेही खिडकीतून दिसते.

मिर्जानचा किल्ला, कुमटा, होन्नावर भराभर मागे पडले. होन्नावरजवळ समुद्रात बसवराजदुर्ग दिसतो. केळदीच्या नायकांनी तटबंदी केलेले बेट. मुरुडेश्वरला १२३ फुटी शंकराची मूर्ती बघून मुले खूष झाली. २०२४ च्या डिसेंबरात शालेय सहलीच्या चार मुली याच किनाऱ्यावर बुडाल्या. त्यानंतर किनारा काही काळ बंद होता. आमच्या मुलांनी घोट्यापर्यंत पाय भिजवले आणि बाहेर आली. आत दूर नेत्राणी बेटाची निळसर रेघ होती. पाण्याखाली बुडी मारून प्रवाळ आणि मासे बघायला हौशी लोक तिथे जातात. पांढऱ्या पोटाचे समुद्रगरुड त्या कड्यांवर घरटी करतात. अव्वांना गरुडात रस नव्हता, लॉजवाल्याने विजेचे किती घेतले यात होता.

मरवंतेला मात्र गाडी थांबवावीच लागते. रस्त्याच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, मध्ये आपण. अव्वा दोन्ही खिडक्यांकडे आलटून पालटून बघत होत्या. पुढे कुंदापूरजवळ बसरूर आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन या बसरूरवर आले होते, आणि परतताना गोकर्ण, अंकोला, कारवार करत गेले. आम्ही आलो तोच रस्ता, उलट्या दिशेने. वर सांगितलेला तो कुक आंजदीवची उरलीसुरली माणसे घेऊन मुंबईत शिरला तोही हाच महिना. थोरलीला इतिहासात हे सगळे वेगवेगळ्या धड्यांत येते. तिचा अबोला इथे सुटला.

शेवटचा मुक्काम मलपे. इथल्या बेटांना सेंट मेरी म्हणतात. वास्को द गामाने ठेवलेले नाव, अशी आख्यायिका आहे. त्या समूहातल्या एका बेटाचे नाव मात्र दर्याबहादूरगड आहे, मराठी कानाला घरचे वाटणारे. इथे मोठी फेरीबोट होती, आणि प्रत्येकाला जॅकेट. मी मोजून घेतली आणि मगच तिकिटे काढली. अव्वांना बोटीतून उतरणे शक्य नव्हते. त्या गाडीच्या कापडी छपराखाली, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी घेऊन बसल्या, आणि ड्रायव्हरला धारवाडी शिकवू लागल्या.

बेटावर उतरल्यावर पहिल्यांदा वाटते की कोणी पाथरवटाने दगडी खांब घडवून उभे करून ठेवलेत. पाच, सहा, सात बाजूंचे, एकाला एक खेटून, शेकडो. लाव्हा थंड होताना आकसतो आणि सरळ उभ्या चिरा पडत जातात, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या. त्यातून हे खांब होतात. १९७९ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले. हा खडक सुमारे आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा, मादागास्कर भारतापासून तुटून वेगळा होत होता तेव्हाचा. आपल्या बेळगावचा काळा कातळ हा दख्खनच्या लाव्ह्याचा दक्षिणेकडचा शेवट. तो सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासचा. म्हणजे येळ्ळूरच्या गडाखालचा आपला दगड या बेटाहून दोन कोटी वर्षांनी धाकटा. धाकट्याने एक तुकडा खिशात घातला होता, तो शिट्टीवाल्या रखवालदाराने काढून घेतला. बरे केले.

परत आल्यावर मुलांनी अज्जीला फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले. "हे सगळं वाकडंतिकडं का नाही?" म्हणाल्या. मुलांनी चिखलाचे उदाहरण दिले, मादागास्करचे सांगितले. मादागास्कर किती लांब, हे त्यांनी दोनदा विचारले.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी: पावसाळ्यात सेंट मेरीच्या फेऱ्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर ते मार्च हा काळ बरा. कॅरॅव्हॅनची उंची आधी विचारून घ्या. किनाऱ्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांत माडाच्या झावळ्या आणि विजेच्या तारा खाली आलेल्या असतात, दोन ठिकाणी आमचे यजमान बांबू घेऊन पुढे चालले. गाडीत मासे तळायला मनाई असते. लहान मापाची जॅकेटे नावेवर बहुधा नसतात, आम्ही मुलांसाठी दोन विकतच घेतली आहेत.

अव्वांचे म्हणणे, पुढच्या वेळी माजाळीपर्यंत जाऊ, गोव्याच्या हद्दीला लागून, तिथे बहीण असते. तिला तसा फोनही झाला आहे, कोंकणीत, पाऊण तास. गाडीवाल्याला मी मे महिन्याच्या तारखा विचारल्या. सगळ्या गेलेल्या आहेत.